रिले नोड बेभरवशाचे असतील तर डेटाचे ताजेपण मोजायचे कसे?

प्रश्न: कालवाकाठ (वसमत)

नमस्कार. पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील एका पाणीवापर संस्थेच्या वितरिकेवर पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवलेले असून त्यांची तांत्रिक देखरेख माझ्याकडे आहे. प्रत्येक सेन्सर दर १५ मिनिटांनी एक नोंद लोरा या कमी विजेवर दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओवरून पाठवतो. सेन्सर आणि वसमत येथील गेटवे (नोंदी सर्व्हरकडे देणारे यंत्र) यांच्यामध्ये तीन रिले नोड, म्हणजे संदेश घेऊन पुढे पाठवणारी यंत्रे, आहेत. पहिला ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर, दुसरा एका शेतकऱ्याच्या आखाड्यावरील पत्र्याच्या शेडवर आणि तिसरा वस्तीच्या कडेला एका दुमजली घराच्या गच्चीवर आहे. पहिला आणि तिसरा सौर पॅनेलवर चालतात. दुसऱ्याची बॅटरी शेतीच्या फिडरवरून चार्ज होते. त्या फिडरला वीज पाळीने मिळते आणि बॅटरी आता थकलेली असल्यामुळे, लाईट गेली की थोड्या वेळाने रिलेही बंद पडतो. तोपर्यंतच्या नोंदी पहिला रिले साठवून ठेवतो आणि दुसरा जागा झाला की सगळा साठा एका दमात पुढे जातो.

पुरवठादाराच्या मासिक अहवालात एकच आकडा असतो, तो म्हणजे शेकडा किती पॅकेट, म्हणजे संदेश, सर्व्हरपर्यंत पोहोचले. तो आकडा नेहमी शंभराच्या जवळ असतो आणि तो खोटाही नाही. मात्र मागच्या आवर्तनात (पाणी सोडण्याच्या पाळीत) आमचे पाटकरी, म्हणजे पाणीवाटप पाहणारे कर्मचारी, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या चारीवर उभे होते. त्यांच्या मोबाईलवर सेन्सरसमोर हिरवा ठिपका आणि ६२ सेंटिमीटर पातळी दिसत होती, आणि समोरच्या चारीत ओल्या गाळाशिवाय काही नव्हते. वरच्या बाजूचे दार दुपारीच कोणीतरी खाली केले होते.

वार्षिक देखभालीचा करार आता नव्याने करायचा आहे. त्यात पॅकेट पोहोचण्याच्या टक्केवारीऐवजी ताजेपणाची अट घालावी, असे संस्थेच्या संचालकांचे म्हणणे आहे. पुरवठादाराचे म्हणणे असे की नोंदी १५ ऐवजी ५ मिनिटांनी घेतल्या की प्रश्न सुटेल. मला जाणून घ्यायचे आहे ते इतकेच की ताजेपण एका आकड्यात मांडायची मान्य पद्धत कोणती, मधले रिले असे बेभरवशाचे असताना ते नेमके कोठे आणि कोणत्या घड्याळाने मोजायचे, आणि दोन्ही बाजूंना पडताळून पाहता येईल अशी अट कशी लिहायची.

उत्तर: गोदातीर (नांदेड)

आपल्या पुरवठादाराचा आकडा पॅकेटविषयी बोलतो आणि आपली गरज सर्व्हरवर काय दिसते याविषयी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गावात चार दिवस एसटी आली नाही आणि पाचव्या दिवशी चारही दिवसांची वर्तमानपत्रे एकदम आली, तर एजंट शंभर टक्के अंक पोहोचल्याचे सांगू शकतो, पण वाचक चार दिवस जुन्याच बातम्यांवर होता.

ताजेपणाच्या या मापाला माहितीचे वय म्हणतात. संजित कौल, रॉय येट्स आणि मार्को ग्रुटेसर यांनी २०१२ च्या सुमारास ते संदेशजाळ्यांच्या अभ्यासात रूढ केले. व्याख्या अगदी साधी आहे. कोणत्याही क्षणी सर्व्हरकडे असलेल्या नोंदींपैकी सर्वात अलीकडे मोजलेली नोंद घ्यावी आणि आताच्या वेळेतून तिच्या मोजणीची वेळ वजा करावी. हे वय घड्याळाबरोबर सतत वाढत राहते आणि आधीच्यापेक्षा ताजी नोंद आली की एकदम खाली येते. उशिरा पोहोचलेली जुनी नोंद मात्र त्याला हात लावत नाही. आपल्या दुसऱ्या रिलेमागे अडकलेला साठा एकदम आला, तर त्यातील केवळ शेवटची नोंद वय कमी करते. बाकीच्या पोहोचल्या काय किंवा न पोहोचल्या काय, ताजेपणाच्या दृष्टीने फरक पडत नाही.

आता खंडांचा हिशेब पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. दोन ताज्या नोंदींमध्ये जितका खंड पडतो, त्याच्या वर्गाच्या निम्मे क्षेत्रफळ वयाच्या आलेखाखाली जमा होते. खंड दुप्पट झाला की नुकसान चौपट होते. प्रवासाचा वेळ तूर्त शून्य धरू. दिवसभर बिनचूक १५ मिनिटांनी नोंदी आल्या तर सरासरी वय साडेसात मिनिटे राहते. त्याच दिवसात एकदाच दोन तासांचा खंड पडला तर ९६ पैकी ७ नोंदी बुडतात आणि सरासरी वय सुमारे ११.९ मिनिटांवर जाते. तेवढ्याच ७ नोंदी दिवसभरात इकडेतिकडे विखरून बुडाल्या असत्या तर ते सुमारे ८.७ मिनिटे राहिले असते. खंड चार तासांचा असेल तर बुडालेल्या नोंदी १५ होतात आणि सरासरी वय २६.२५ मिनिटे होते. विखुरलेल्या १५ नोंदींसाठी हाच आकडा १०.३ च्या आसपास आहे. टक्केवारी दोन्हीकडे तीच आहे. रेडिओतील गोंगाटामुळे होणारे नुकसान विखुरलेले असते आणि रिले बंद पडल्यामुळे होणारे नुकसान सलग असते, हा भेद टक्केवारीला दिसतच नाही.

यावरून ५ मिनिटांच्या प्रस्तावाचाही निकाल लागतो. चार तासांचा खंड तसाच ठेवून बाकीच्या वेळी ५ मिनिटांनी नोंदी पाठवल्या तर सरासरी वय २६.२५ वरून सुमारे २२ मिनिटांवर येईल. संदेश तिप्पट होतील, सेन्सरची बॅटरी लवकर उतरेल आणि पदरात चार मिनिटे पडतील. आखाड्यावरच्या रिलेला नवी बॅटरी किंवा छोटे सौर पॅनेल दिले तर नोंदी १५ मिनिटांच्याच राहूनही वय साडेसात मिनिटांवर येते. शिवाय जेथे संदेश रांगेत थांबतात तेथे जास्त वेगाने पाठवणे उलटही बाधते. पहिला आला तो पहिला गेला अशी एकच रांग असताना आणि संदेशांचे येणे व त्यांना लागणारा वेळ यादृच्छिक असताना, वाहिनी साधारण ५३ टक्के व्यग्र ठेवल्यावर सरासरी वय सर्वात कमी राहते, हे त्याच अभ्यासातून पुढे आलेले उत्तर आहे. वाहिनी जितकी भरलेली तितके चांगले, ही सर्वसाधारण समजूत त्याने खोटी ठरवली.

लॉगवरून वय काढताना दोन ठिकाणी हमखास घसरण होते. सर्व्हरवर नोंद आली त्या क्षणाचे वय लिहून त्याचीच सरासरी काढली तर आकडा फार गोड येतो, कारण आपण वय नेमके ते खाली आल्यानंतरच मोजत असतो. वय घड्याळाच्या टोल्यावर, म्हणजे उदाहरणार्थ दर मिनिटाला, तपासले पाहिजे किंवा प्रत्येक खंडाचे क्षेत्रफळ काढले पाहिजे. खंडाच्या सुरुवातीचे वय गुणिले खंडाची लांबी, अधिक खंडाच्या वर्गाचे निम्मे, हे ते क्षेत्रफळ. या सगळ्यांची बेरीज करून एकूण वेळेने भागावे. दुसरी घसरण महिन्याच्या शेवटी होते. रिले २८ तारखेला बंद पडला आणि महिना संपेपर्यंत उठलाच नाही, तर त्या खंडाला शेवट देणारी नोंद लॉगमध्ये नसते आणि साधी स्क्रिप्ट तो खंड धरतच नाही. सर्वात वाईट बिघाड अहवालातून गायब होतो. शेवटचा उघडा खंड महिन्याच्या अखेरच्या क्षणापर्यंत मोजला जाईल, असे करारात स्पष्ट लिहा.

उत्तर: आखूडतरंग (परभणी)

गोदातीर सरांनी माप सांगितले आहे. मी घड्याळापुरते बोलतो, कारण माझे रोजचे काम फर्मवेअरचे, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेल्या प्रोग्रॅमचे, आहे आणि असे हिरवे ठिपके मी पुष्कळ पाहिले आहेत. आपल्या डॅशबोर्डवर ठिपका हिरवा राहिला याचा अर्थ तो नोंद पोहोचल्याची वेळ पाहतो, मोजल्याची नाही. गेटवेने मारलेला टाइमस्टॅम्प धरला की चार तास शिळी नोंद सर्व्हरवर पाऊल ठेवताक्षणी ताजी होते. त्यामुळे लॉगमध्ये मोजणीची वेळ आणि पोहोचल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने असल्याशिवाय पुढची कोणतीही चर्चा व्यर्थ आहे.

आपण सेन्सरवर घड्याळ आहे की नाही हे लिहिलेले नाही. बहुतेक स्वस्त नोडवर तारीख-वेळ नसते, केवळ ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक आणि एक चालता मोजक असतो. तेवढेही पुरते. प्रत्येक नोडने संदेश आपल्याकडे किती वेळ थांबला ते मोजावे आणि संदेशातील वयाच्या रकान्यात तेवढी भर घालून तो पुढे पाठवावा. रेडिओच्या प्रवासाला लागणारा वेळ येथे नगण्य आहे, तेव्हा गेटवेवर पोहोचल्यावर त्या रकान्यात जो आकडा असेल तेच नोंदीचे वय. कोणाचेही घड्याळ कोणाशी जुळवावे लागत नाही. ही युक्ती जुनी आणि चांगली तावूनसुलाखून निघालेली आहे. आयईईई १५८८ या वेळ जुळवण्याच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत मधले स्विच अशाच प्रकारे आपल्याकडील मुक्कामाचा वेळ दुरुस्ती-रकान्यात मिळवतात. वारंवार तुटणाऱ्या जाळ्यांसाठीच्या बंडल प्रोटोकॉलमध्येही (बंडल म्हणजे साठवून पुढे पाठवायचा संदेश), म्हणजे २०२२ च्या आरएफसी ९१७१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात, विश्वासार्ह घड्याळ नसलेल्या नोडसाठी बंडलचे वय मिलिसेकंदांत वाहून नेणारा वेगळा विभाग ठेवलेला आहे. अचूकतेची काळजी करू नका. स्फटिकाची चूक दशलक्षात ५० भाग धरली तरी चार तासांच्या मुक्कामात पाऊण सेकंदाहून कमी फरक पडतो.

खरी मेख वेगळीच आहे. रिलेची वीज पूर्ण गेली तर मोजकही थांबतो. संदेश फ्लॅश मेमरीत जपून ठेवलेले असले, तरी जागा झाल्यावर आपण किती वेळ झोपलो होतो हे त्या रिलेला कळत नाही. तो आधीचा मुक्काम तेवढा जोडतो आणि चार तासांची नोंद दोन मिनिटांची म्हणून पुढे पाठवतो. आपल्याकडे नोंदी पहिल्या रिलेवर अडकतात आणि तो सौर पॅनेलवर चालू राहतो, म्हणून हा धोका कमी आहे. पण दुसऱ्या रिलेने पोच देऊन स्वीकारलेल्या आणि पुढे पाठवण्याआधीच लाईट गेलेल्या नोंदी राहतातच. त्या रिलेवर बटण-सेलवर चालणारे डीएस३२३१ सारखे घड्याळ बसवा. पत्र्याखालच्या डब्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो आणि साधा स्फटिक २५ अंशांपासून जितका दूर जाईल तितका मंद पडतो. या घड्याळात तापमानाची भरपाई आतच होते आणि ४० च्या वरही त्याची चूक दशलक्षात साडेतीन भाग, म्हणजे दिवसाला सुमारे ०.३ सेकंद, एवढीच धरलेली आहे. घड्याळ बसवणे शक्य नसेल तर वीज जाऊन आल्यावर मेमरीत सापडलेल्या प्रत्येक नोंदीवर वय अज्ञात अशी खूण करावी. सर्व्हरने अशी नोंद इतिहासात ठेवावी, पण तिच्यामुळे ताजेपणाचे वय खाली आणू नये.

पडताळणीसाठी सेन्सरने प्रत्येक नोंदीला वाढता क्रमांक द्यावा आणि तो संदेशाच्या डिजिटल सहीत समाविष्ट असावा, म्हणजे मधल्या कोणाला तो बदलता येणार नाही. वयाचा रकाना रिलेंनी बदलायचाच असल्यामुळे तो सहीबाहेर राहतो आणि म्हणून त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. क्रमांक गुणिले १५ मिनिटे हा दुसरा, स्वतंत्र हिशेब मात्र सर्व्हरकडे तयार असतो. दोन्ही हिशेबांत मिनिटाभराहून जास्त तफावत दिसली तर एक तर सेन्सर मध्येच रीस्टार्ट होऊन क्रमांक शून्यावर आला आहे किंवा एखादा रिले खोटे वय सांगत आहे. काही रिले नवी नोंद मिळाली नाही की जुनीच पुन्हा पाठवत राहतात. तोही प्रकार क्रमांकावरून तत्काळ उघडा पडतो.

शेवटी रांगेविषयी. साठा मोकळा करताना जुने आधी पाठवायचे ही फर्मवेअरची मूळ सवय असते, ती बदलून घ्या. समजा बारा सेन्सर आहेत, तर त्यांच्या चार तासांच्या नोंदी म्हणजे १९२ संदेश होतात. लोराच्या सर्वात संथ दरावर एका छोट्या संदेशाला दीड सेकंद धरला तर एका टप्प्यालाच पाच मिनिटे लागतात, आणि एकाच रेडिओवर ऐकणारा रिले त्या वेळी बोलू शकत नसल्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट. एवढा वेळ सर्व्हर जुन्याच नोंदी पाहत बसतो. प्रत्येक सेन्सरची सर्वात ताजी नोंद आधी जाऊ द्या. पाठवणीला लागणारा वेळ घातांकी वितरणाचा असेल तर बहुटप्पा जाळ्यांत हेच धोरण वयाच्या दृष्टीने सर्वोत्तम ठरते, असे गणिताने सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे ते गृहीतक काटेकोर लागू नसले तरी धोरण तेच ठेवावे.

उत्तर: जलमापक (जालना)

आखूडतरंग यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत आहे, पण त्याचा अर्थ जुन्या नोंदी टाकून द्याव्यात असा कोणी घेऊ नये. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमानुसार पाणीवापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने मोजून द्यायचे असते. आवर्तनात किती घनमीटर पाणी घेतले याचा हिशेब प्रत्येक १५ मिनिटांच्या पातळीवरून होतो. त्या हिशेबाला नोंद चार तास उशिरा आली तरी चालते, ती हरवलेली मात्र चालत नाही. दार उघडायचे की नाही हे ठरवणाऱ्या पाटकऱ्याचे नेमके उलट आहे. एकाच नोंदीची दोन गिऱ्हाइके आहेत, तेव्हा करारातही दोन आकडे हवेत. हिशेबासाठी पॅकेट पोहोचण्याची टक्केवारी राहू द्या. पुरवठादाराचा आकडा त्या कामासाठी रास्तच आहे.

सरासरी वयाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. सरासरी २६ मिनिटे म्हटल्यावर संचालक मंडळाला वाटेल की नोंद अर्ध्या तासाच्या आतली असतेच. प्रत्यक्षात बहुतांश वेळ ती पंधरा मिनिटांच्या आत असते आणि थोडा वेळ तीन-चार तासांची असते. नुकसान त्या थोड्या वेळातच होते. म्हणून वयाची मर्यादा ठरवावी आणि वय त्या मर्यादेच्या वर किती वेळ राहिले ते मोजावे. मर्यादा एक तासाची धरली तर गोदातीर यांच्या चार तासांच्या खंडात तीन तास मर्यादाभंग होतो, म्हणजे दिवसाच्या १२.५ टक्के. दोन तासांच्या खंडात तो एक तास, म्हणजे सुमारे ४.२ टक्के होतो. हा आकडा शेतकऱ्यालाही समजतो आणि त्यात सरासरीची लपवाछपवी चालत नाही.

मर्यादा किती ठेवायची हे जाळ्यावरून नव्हे, तर पाण्यावरून ठरवायला हवे. वितरिकेच्या मुखाशी फ्ल्यूम (प्रवाह मोजण्यासाठी बांधलेला अरुंद भाग) असेल तर विसर्ग पातळीच्या साधारण दीड घाताने बदलतो. पातळी दहा टक्क्यांनी उतरली की विसर्ग सुमारे पंधरा टक्क्यांनी घटतो. आपण पाच टक्के विसर्गाची चूक खपवून घेणार असाल तर पातळीतील चूक तीन-साडेतीन टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे ६० सेंटिमीटरवर दोन सेंटिमीटर. आता जुन्या आवर्तनांच्या नोंदी काढून पातळी तासाला किती सेंटिमीटरने बदलते ते पाहा. आवर्तनाच्या मधल्या दिवसांत, दारे स्थिर असताना, ती दोन-तीन तासांतही दोन सेंटिमीटर हलत नसेल, तेव्हा दोन तास जुनी नोंदही चालेल. आवर्तन सुरू होताना आणि बंद होताना मात्र तेवढा बदल दहा मिनिटांत होऊ शकतो. एकच मर्यादा बारमाही लावली तर ती एक तर निरुपयोगी सैल असेल किंवा अकारण महाग पडेल.

कालवाकाठ (वसमत)

सर्वांचे मनापासून आभार. लॉगमध्ये पोहोचल्याचीच वेळ होती, हा अंदाज बरोबर निघाला. पण नोंदींना क्रमांक आहेत, त्यामुळे मागील आवर्तनाचे वय क्रमांकावरून काढता येत आहे. पुरवठादाराशी बोलणे झाले. वयाचा रकाना आणि ताजी नोंद आधी या दोन्ही गोष्टी फर्मवेअरमध्ये करण्यास ते तयार आहेत, मात्र त्यांनी दोन नवे प्रस्ताव ठेवले आहेत. पहिला असा की पातळी दोन सेंटिमीटरहून जास्त बदलली तरच सेन्सरने नोंद पाठवावी, म्हणजे बॅटरी वाचेल आणि जलमापक सरांनी सांगितलेली अचूकताही राहील. दुसरा असा की आखाड्याजवळच्या शेजाऱ्याच्या शेडवर आणखी एक रिले बसवून पर्यायी वाट करावी. यावर आपले मत हवे आहे. तसेच कोणता रिले किती दोषी हे वेगळे करता येईल का?

उत्तर: गोदातीर (नांदेड)

बदल झाला तरच पाठवायचे हे धोरण भरवशाच्या जाळ्यात उत्तम आहे आणि आपल्या जाळ्यात घातक. नोंद आली नाही याचे दोन अर्थ होतात, एक म्हणजे पाणी स्थिर आहे आणि दुसरा म्हणजे रिले बंद आहे. सर्व्हरला हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. ज्या वेळी लाईट गेलेली असेल आणि कोणी दार खाली करेल, नेमकी त्याच वेळी ही शांतता दिशाभूल करील. २०२० मध्ये अली मातूक आणि सहकाऱ्यांनी चुकीच्या माहितीचे वय हे माप मांडले. त्यात नोंद जुनी असली तरी खरी असेल तोवर वय वाढत नाही आणि वास्तव बदलल्यापासूनच ते वाढू लागते. बदलानुसार पाठवण्याची कल्पना त्या मापाला जवळची आहे. परंतु ते माप काढण्यासाठी वास्तव माहीत असावे लागते आणि ते आपल्याला नंतर, साठा पोहोचल्यावरच कळते. तेव्हा ते मागाहून परीक्षणासाठी वापरा. चालू कारभारासाठी बदलानुसार पाठवणे आणि त्याबरोबर ठरावीक अंतराने आपण जिवंत असल्याचा एक संदेश, असे मिश्रण ठेवता येईल. त्या जिवंतपणाच्या संदेशाचे अंतर आपल्या वयाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त नसावे, म्हणजे एखादा संदेश बुडाला तरी मर्यादा लगेच मोडत नाही.

प्रत्येक टप्प्याचा वाटा वेगळा काढता येतो, आणि मला या विषयातील सर्वात देखणा भाग तोच वाटतो. प्रत्येक रिले आपल्याकडील सर्वात ताजी नोंद धरून ठेवत असेल आणि दर खेपेला तीच पुढे पाठवत असेल, आणि प्रत्येक टप्प्यावर खेप यशस्वी होण्याची शक्यता स्वतंत्र असेल, तर शेवटचे सरासरी वय म्हणजे प्रत्येक टप्प्यावर एक खेप यशस्वी होण्यास सरासरी लागणाऱ्या खेपांची बेरीज. निम्म्या खात्रीचे पाच टप्पे असतील तर वय दहा खेपा येते. रिले काहीच धरून ठेवत नसेल आणि संदेश पाचही टप्पे एकाच प्रयत्नात पार पडावा लागत असेल, तर शक्यतांचा गुणाकार होतो आणि वय बत्तीस खेपांहून जास्त होते. बेरीज असल्यामुळे दोषही वाटून दाखवता येतो. प्रत्येक रिलेने आपला मुक्काम-वेळ वेगळ्या रकान्यात लिहिला की झाले. फक्त एक सावधगिरी हवी. आपल्या नोंदी पहिल्या रिलेवर थांबतात, पण त्याचे कारण दुसरा रिले आहे. मुक्काम जेथे दिसतो त्याच्या पुढच्या दुव्याकडे बोट दाखवावे, मुक्काम करणाऱ्याकडे नाही.

उत्तर: आखूडतरंग (परभणी)

पर्यायी रिलेबद्दल एकच प्रश्न विचारा: शेजाऱ्याची शेड कोणत्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, आहे? दोन रिले प्रत्येकी दिवसातून चार तास बंद असतील आणि त्यांचे बंद पडणे एकमेकांशी निगडित नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ दिवसाला सरासरी ४० मिनिटे येतो. सर्व्हर दोन्ही वाटांपैकी ताजी नोंद घेईल आणि वय लक्षणीय उतरेल. दोन्ही एकाच डीपीवर किंवा एकाच फिडरवर असतील तर ते एकत्रच बंद पडतील आणि चार तासांचे चार तासच राहतील. खर्च दुप्पट आणि फायदा शून्य. दुसरा रिले गावठाणच्या फिडरवर किंवा सौर पॅनेलवर असेल तरच त्याला पर्याय म्हणावे. खरे तर त्या पैशात आधी आहे त्याच रिलेची बॅटरी बदलून होईल.

कालवाकाठ (वसमत)

शेजाऱ्याची शेड त्याच डीपीवर आहे, त्यामुळे तो प्रस्ताव बाद झाला. कराराच्या अटीचा मसुदा आता असा केला आहे: “प्रत्येक सेन्सरच्या नोंदीचे वय मोजणीच्या वेळेपासून, सर्व्हरच्या घड्याळाने, दर मिनिटाला तपासले जाईल. आवर्तनाच्या पहिल्या व शेवटच्या दोन दिवसांत ते ३० मिनिटांहून आणि इतर दिवसांत १२० मिनिटांहून जास्त राहिलेला एकूण वेळ त्या कालावधीच्या दोन टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. वय अज्ञात असलेली नोंद वय कमी करण्यासाठी धरली जाणार नाही. महिनाअखेरीस चालू असलेला खंड त्या क्षणापर्यंत मोजला जाईल. पॅकेट पोहोचण्याची टक्केवारी घनमापनाच्या हिशेबासाठी स्वतंत्र नोंदवली जाईल.” पुरवठादाराचा आग्रह आहे की विजेअभावी रिले बंद राहिला तो वेळ वगळावा. संचालक अडून बसले आहेत. यात रास्त काय?

उत्तर: जलमापक (जालना)

वीज नसण्याचा वेळ वगळला तर अट पुन्हा जुन्या टक्केवारीएवढीच पोकळ होईल, कारण आपल्या जाळ्यातील बहुतेक खंड त्याच वेळचे आहेत. फिडरची पाळी आधी माहीत असते आणि तिला पुरेल एवढी बॅटरी ठेवणे हे देखभालीचेच काम आहे. पाळीच्या वेळापत्रकाबाहेर वीज गेली, उदाहरणार्थ डीपी जळून काही दिवस अंधार राहिला, तर तेवढा वेळ बॅटरीची ठरलेली क्षमता संपल्यानंतरपासून वगळता येईल. ही क्षमता किती तास हे करारात आकड्याने लिहा. आवर्तन नसताना कालवा कोरडा असतो, तो काळ मोजणीबाहेर ठेवण्यास हरकत नाही, परंतु आवर्तन सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून मोजणी सुरू करा. महिनोन्‌महिने न पाहिलेला रिले बंद असल्याचे पाणी सुटल्यानंतर कळून उपयोग नाही.